आज अमावास्या, तुझा मंत्र चालणार नाही! टेबलटॉप गेममध्ये ग्रह-ताऱ्यांचे घरचे नियम कसे बनवायचे?

घरचे नियम ही काही परदेशातून आलेली गोष्ट नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे गेलं की पहिलं भांडण त्यावरूनच व्हायचं. लुडोमध्ये लागोपाठ तीन वेळा सहा पडले तर चाल रद्द की नाही? कॅरममध्ये क्वीनला कव्हर लगेच हवं की पुढच्या चालीला दिलं तरी चालेल? आणि मग ते ठरलेलं वाक्य, "आमच्याकडे असंच खेळतात."

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये घरच्या नियमांना भरपूर जागा असते. हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. कोणी लढवय्या, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम होतो, तो गोष्ट सांगतो आणि शत्रूंच्या बाजूने खेळतो. एखादी गोष्ट जमली की नाही हे फाशावर ठरतं, आणि मुख्य फासा वीस बाजूंचा, डी२०. यातला सगळ्यात प्रसिद्ध गेम म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत काढलेला डंजन्स अँड ड्रॅगन्स. पुढे नुसतं डी अँड डी म्हणतो.

आता जादू आली म्हटल्यावर कधी ना कधी कोणाच्या तरी डोक्यात येतंच, की पौर्णिमेला जादू जोरात चालायला हवी ना? अमावास्येला भुतांचे मंत्र प्रबळ, अमुक ग्रह वर आला की तमुक मंत्र स्वस्त. कल्पना भारी आहे. मीही केली. आणि त्या नियमामुळे आमच्या ग्रुपमधला एक मित्र गेम सोडून जायच्या बेतात होता. म्हणून हा लेख. (ज्योतिष खरं की खोटं हा इथे विषय नाही. गेममध्ये ड्रॅगनही असतात.)

पहिला नियम: खरा चंद्र

आम्ही पाच जण, दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी भेटतो. डीएम मी. पहिल्या नियमात मी थेट खरं आकाश वापरलं. खेळायच्या दिवशी पौर्णिमेच्या तीन दिवस आत-बाहेर असलो तर प्रत्येक जादूगाराच्या मंत्राला +२, अमावास्येच्या तीन दिवस आत-बाहेर असलो तर -२. बाकी दिवस जैसे थे. बेरीज-वजाबाकी सारखी, म्हणजे नियम समतोल, असं मला वाटलं.

चंद्राचं वय काढायला मोबाईलवरचं गुगल शीट्स पुरतं. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३०५८८ दिवस जातात. ६ जानेवारी २००० च्या रात्री भारतीय वेळेप्रमाणे पावणेबाराच्या सुमारास अमावास्येचा क्षण होता, म्हणून मोजणी ७ जानेवारी २००० पासून सुरू करायची. आजच्या तारखेतून ती तारीख वजा करा, आलेल्या दिवसांना २९.५३०५८८ ने भागा, बाकी उरेल ते चंद्राचं वय. शीट्समध्ये बाकी काढणाऱ्या फंक्शनचं नाव मॉड. बाकी शून्याजवळ असेल तर अमावास्या, १४.८ च्या आसपास असेल तर पौर्णिमा.

पडताळून बघायचं? ९ एप्रिल २०२४ ला गुढीपाडवा होता, म्हणजे आदल्या रात्री अमावास्या संपायला हवी. ७ जानेवारी २००० पासून ९ एप्रिल २०२४ पर्यंत ८८५९ दिवस. बाकी येते २९.३५. म्हणजे नवा चंद्र सुरू व्हायला फक्त चार-सव्वाचार तास कमी. चोवीस वर्षांनंतर इतकी चूक मला मान्य आहे. चंद्राचा वेग सगळीकडे सारखा नसल्यामुळे ही चूक कधी कधी अर्ध्या दिवसाच्या वरही जाते, पण गेमला तेवढं चालतं. पंचांगाला चालत नाही, तेव्हा यावर उपवास धरू नका.

गणित बरोबर होतं. नियम चुकला होता.

आमच्यातला एक जण शिफ्टमध्ये काम करतो. त्याला दर चार आठवड्यांनीच शनिवार मोकळा मिळायचा. तो आमचा विझार्ड, म्हणजे पूर्ण वेळ जादूवर जगणारं पात्र. तो चार वेळा आला. चारही वेळा चंद्राचं वय होतं २.३, ०.८, २८.८ आणि २७.२. चारही वेळा अमावास्येच्या पट्ट्यात! मधल्या शनिवारी, तो नसताना, आमची क्लेरिक मात्र पौर्णिमेवर स्वार. चौथ्या वेळी तो हसत हसत म्हणाला, "मी काय फक्त वेफर्स आणायला येतो का?" हसत म्हणाला, पण मग पुढच्या वेळी येतोस ना म्हणून विचारल्यावर उत्तर आलं, "बघू."

हे दुर्दैव नव्हतं. चार आठवडे म्हणजे २८ दिवस, चंद्राचा फेरा साडेएकोणतीस दिवसांचा. दर २८ दिवसांनी बघितलं तर चंद्राचं वय प्रत्येक वेळी फक्त दीड दिवसाने मागे सरकतं. म्हणजे एकदा अमावास्येच्या पट्ट्यात सापडलात की बाहेर पडायला तीन-चार महिने लागतात. सिग्नल प्रोसेसिंग शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, याला एलियासिंग म्हणतात. व्हिडिओमध्ये गाडीचं चाक वेगाने फिरत असूनही उभं राहिल्यासारखं किंवा उलटं फिरल्यासारखं दिसतं ना, तेच. कॅमेरा ठरावीक अंतराने बघतो आणि चाक जवळजवळ त्याच अंतराने फिरतं. इंजिनिअरिंगला या विषयात मला बरे मार्क होते, हे सांगायला लाज वाटते.

दर आठवड्याला खेळणाऱ्यांना हा त्रास कमी होतो. पंधरवड्याने खेळणाऱ्यांना पौर्णिमा-अमावास्या आलटून पालटून मिळतात. महिन्याने खेळणारे अडकतात. तेव्हा खरं आकाश वापरायचंच असेल तर आधी तुमच्या ग्रुपच्या पुढच्या दहा तारखांचं चंद्राचं वय काढून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

+२ म्हणजे नक्की किती?

दुसरी चूक आकड्याची. +२ दिसायला बारीक. पण डी२० वर प्रत्येक आकडा ५ टक्क्यांचा. समजा विझार्डने होल्ड पर्सन मंत्र टाकला, समोरचा जागीच खिळतो. वाचायला शत्रूने डी२० टाकून, त्यात आपले २ मिळवून, १५ गाठायला हवेत. म्हणजे फाशावर १३ किंवा जास्त, शक्यता ४० टक्के. मंत्र लागू पडण्याची शक्यता ६०. पौर्णिमेला १५ चे १७ झाले की ती ७० होते, अमावास्येला ५०.

अजून एक तुलना बघा. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत पात्राचं कौशल्य दाखवणारा बोनस पहिल्या पातळीला +२ असतो आणि विसाव्या पातळीला +६. म्हणजे वर्षानुवर्षं खेळून, वीस पातळ्या चढून, पात्र या खात्यात एकूण ४ ने सुधारतं. मी एका पौर्णिमेत त्यातलं निम्मं फुकट वाटत होतो आणि अमावास्येला निम्मं काढून घेत होतो. या आवृत्तीत आकडे मुद्दाम लहान ठेवलेले आहेत. जुन्या आवृत्त्यांमधून उचललेले +४, +५ वाले नियम इथे तसेच चिकटवू नका.

तीन चंद्र आणि शाळेतला लसावि

मग मी विचार केला, खरा चंद्र सोडू, गेमच्या जगातलं आकाश घेऊ. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण डी अँड डीच्याच ड्रॅगनलान्स जगातलं. तिथे तीन चंद्र आहेत. पांढरा सोलिनारी, लाल लुनिटारी आणि काळा नुइटारी. पांढऱ्या झग्याचे जादूगार पहिल्याचे, लाल झग्याचे दुसऱ्याचे, काळ्या झग्याचे तिसऱ्याचे. १९८७ च्या ड्रॅगनलान्स ॲडव्हेंचर्स या पुस्तकात नियम होता, की आपला चंद्र पूर्ण तर आपली जादू वाढते, चंद्र झाकला की कमी होते. चंद्र एका ठिकाणी आले तर आणखी जादा.

फेरे अनुक्रमे ३६, २८ आणि ८ दिवसांचे. तिघे एकदम पूर्ण कधी होतील? शाळेतला लसावि काढा: ५०४ दिवस. साधारण दीड वर्षाने एक अशी रात्र. डीएमसाठी हे सोनं आहे. दीड वर्ष आधीपासून माहीत असलेली एक तारीख, आणि सगळे दुष्ट जादूगार त्या तारखेची वाट बघतायत. इथे फाशाला +१ देऊ नका, गोष्टच त्या तारखेवर बेतून टाका.

पण रोजच्या खेळात बघा काय होतं. काळ्या जादूगाराची वेळ कितीही वाईट असली तरी चार दिवसांत त्याचा चंद्र पूर्ण होतो. पांढऱ्याला अठरा दिवस लागतात. कागदावर दोघांना तोच फायदा, तोच तोटा. प्रत्यक्षात ज्याचा फेरा छोटा तो बलवान, कारण तो थांबू शकतो.

माझ्या मते सगळं इथेच आहे. आकाशाचे नियम लिहिणारे बहुतेक जण महिन्याची सरासरी शून्य आली की खूश होतात. महिन्याचा पाव भाग ७० टक्के, पाव भाग ५०, उरलेला ६०, सरासरी ६०, झालं समतोल. पण खेळाडू काही महिनाभर रोज सारखं लढत नाहीत. लढाई कधी करायची ते बऱ्याचदा तेच ठरवतात. मग हुशार ग्रुप पौर्णिमेलाच किल्ल्यावर चाल करतो आणि अमावास्येला सरायीत भजी खात बसतो. त्यांच्यासाठी सरासरी ६० नसते, ७० असते. ज्या ग्रुपला गोष्टीच्या ओघात थांबता येत नाही त्यांच्या वाट्याला ५० येतात. आणि सरायीत बसलेल्या फायटरचं काय? तलवारीला चंद्राशी घेणंदेणं नाही. तो एका माणसासाठी चौदा दिवस बसून राहतो.

यावर सोपा उपाय, थांबण्याची किंमत लावा. कैदी मरेल, फौज पुढे जाईल, शत्रूचा पुजारीही तीच तारीख बघतोय. चालतं, पण प्रत्येक वेळी डीएमने घड्याळ लावलं की खेळाडूंनाही ते कळतं, आणि मग "चौदा दिवसांत जग बुडणार" हे दर महिन्याला ऐकून कोणी घाबरत नाही.

ड्रॅगनलान्सवाल्यांनी स्वतः काय केलं ते मला जास्त आवडलं. २०२२ मध्ये शॅडो ऑफ द ड्रॅगन क्वीन हे पुस्तक आलं. त्यात चंद्राची जादू करणारा एक सॉर्सरर आहे. तो रात्रीची पूर्ण विश्रांती घेतली की स्वतःच ठरवतो, आज माझ्यावर पौर्णिमेचा प्रभाव, अमावास्येचा की कोरीचा. प्रत्येकाने वेगळ्या प्रकारचे मंत्र सोपे होतात. १९८७ ला आकाश ठरवायचं आणि खेळाडू सोसायचा. पस्तीस वर्षांनी खेळाडू ठरवतो आणि आकाश नावापुरतं उरलं. टेबलावर कोणी रुसत नाही हे खरं, पण आकाश माझ्या मर्जीवर चालत असेल तर ते आकाश कसलं? मला दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं. आकाश स्वतःच्या गतीने फिरेल, सगळ्यांना आधीपासून दिसेल, आणि त्याची वाट बघायला दिवस नाही, तास लागतील.

होऱ्याचं चाक

तासांवरून मला होरा आठवला. आजोबांच्या पंचांगात तो तक्ता असायचा. शनिवारनंतर रविवारच का येतो, त्याचं उत्तरही त्यातच आहे.

जुन्या ज्योतिषात सात ग्रह, पृथ्वीवरून दिसणाऱ्या वेगानुसार हळू ते जलद लावलेले: शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या प्रत्येक तासाला एक ग्रह, याच क्रमाने, संपले की पुन्हा शनि. दिवसाच्या पहिल्या तासाचा ग्रह तो त्या दिवसाचा मालक. शनिवारी पहिला तास शनीचा. २४ तास पुढे जा. २४ ला ७ ने भागलं तर बाकी ३. शनीपासून तीन घरं पुढे: गुरू, मंगळ, रवि. म्हणून दुसऱ्या दिवशी रविवार. रवीपासून तीन घरं पुढे: शुक्र, बुध, चंद्र. सोमवार. पुढचे तुम्ही करून बघा, आठवडा तंतोतंत येतो. पुन्हा तेच मॉड फंक्शन!

आता डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत विश्रांती दोन प्रकारची. छोटी किमान एक तासाची, मोठी किमान आठ तासांची. सात घरांच्या चाकावर एक तास म्हणजे एक घर. आणि आठ तास? आठला सातने भागा, बाकी एक. तेही एकच घर! म्हणजे विश्रांती छोटी असो वा मोठी, चाक एक घर पुढे सरकतं. घड्याळ बघायला नको, दिवस मोजायला नको, टेबलावर एक कागदी चाक आणि एक पेपर क्लिप. हे सापडलं तेव्हा मी रात्री दीड वाजता ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली होती. कोणीही ऐकली नाही. चालण्या-लढण्यातले तास आम्ही मोजतच नाही, ते धरले तर हिशोब पुन्हा किचकट होतो.

ग्रहांची नावं मात्र वापरली नाहीत. त्याचं कारण पहिल्या नियमाच्या वेळचं. तेव्हा मी उत्साहात सगळ्यांना म्हणालो होतो, चला, आपापली खरी रास आणि ग्रह सांगा, तेच पात्राला लावू. सगळे गंमत म्हणून सांगत होते. आमच्यातली एक जण एकदम गप्प झाली. नंतर तिने मेसेज केला, की घरी तिच्या लग्नाची बोलणी दोनदा मंगळावरून मोडली होती, आणि शनिवारचे चार तास तरी तो शब्द ऐकायचा नव्हता. चूक पूर्ण माझी. अमेरिकेतल्या एखाद्या टेबलावर "माझा मंगळ कडक आहे" हा विनोद असेल, आपल्याकडे त्यावरून माणसांची आयुष्यं अडतात. आपल्या लोकांसोबत खेळत असाल तर कोणाचीही खरी पत्रिका, खरी जन्मवेळ टेबलावर आणू नका. आणि ग्रुपला सुरुवातीलाच विचारा, हा विषय चालेल ना? तेही सगळ्यांसमोर नको, एकेकाला वेगळं विचारा.

तर आमचे सात तारे आम्हीच रचले. नावं खेळाडूंनी दिली, क्रम मी लावला: दिवटी, कुलूप, होडी, घंटा, वारूळ, आरसा, नांगर. आणि नांगरानंतर पुन्हा दिवटी. डी अँड डीमध्ये मंत्रांचे आठ प्रकार आहेत. आग-वीज दिवटीकडे, संरक्षण कुलपाकडे, माणसं-वस्तू बोलावणं आणि हलवणं होडीकडे, मन वळवणं घंटेकडे, मृतांची विद्या वारुळाकडे, भास आरशाकडे, रूप आणि गती पालटणं नांगराकडे. आठवा प्रकार भविष्य बघण्याचा. त्याला मुद्दाम तारा दिला नाही. भविष्याचा मंत्र टाकणारा मोठ्या विश्रांतीपर्यंत एकदा चाक एक घर पुढे किंवा मागे ढकलू शकतो. आकाश वाचणाऱ्याला आकाशाचं थोडं ऐकवता यावं, इतकंच.

फायदा काय? तुमच्या मंत्राचा तारा वर असेल तर चाक पुढे सरकेपर्यंत एकदाच, तुम्ही एक फासा पुन्हा टाकायला लावू शकता. शत्रूचा वाचण्याचा फासा किंवा तुमचा स्वतःचा. दुसरा आकडा जो येईल तो घ्यायचाच. तोटा कोणालाच नाही, -२ वगैरे रद्द. जादू न येणारी पात्रं पत्रिकेतला नव्हे, तर आवडीचा एक जन्मतारा निवडतात आणि तो वर असताना आपल्या हल्ल्याचा एक फासा पुन्हा टाकतात. शत्रूलाही चाक तेच.

हे किती जोरदार आहे? वरचंच उदाहरण घ्या. शत्रू वाचायची शक्यता ४० टक्के. वाचला तर पुन्हा टाकायला लावा, दोन्ही वेळा वाचायची शक्यता १६ टक्के. म्हणजे मंत्र ८४ टक्के लागू. +२ पेक्षा खूप मोठं! पण एकदाच. पूर्ण संध्याकाळ हळूहळू पडणाऱ्या बोनसपेक्षा हा एक क्षण सगळ्यांना आठवतो, आणि कधी वापरायचा ते खेळाडूच्या हातात राहतं.

मग लोक सारखे विश्रांती घेऊन चाक फिरवणार नाहीत का? घेतीलच. म्हणून धोक्याच्या जागी प्रत्येक विश्रांतीला मी डी६ टाकतो. एक पडला की कोणीतरी येतं, विश्रांती मोडते आणि चाक सरकत नाही. एका विश्रांतीत कोणी येण्याची शक्यता १७ टक्के, दोनमध्ये ३१, तीनमध्ये ४२, सहामध्ये ६७. हे आकडे मी चाकाच्या मागच्या बाजूला लिहून सगळ्यांना दाखवले. लपवले असते तर खेळाडूंना वाटलं असतं डीएम ठरवून त्रास देतो. दाखवल्यावर ते आपापसात भांडतात, मला हवंय तेच.

एक तांत्रिक टीप. चाक लावताना आपल्या ग्रुपमधल्या दोन जादूगारांचे आवडते तारे शेजारी ठेवू नका, तीन-चार घरांचं अंतर ठेवा. शेजारी ठेवले तर एकाच टप्प्यात दोघांची चैन आणि मग बराच वेळ दोघांचाही दुष्काळ. कागद नको असेल तर शीट्समध्ये एका रकान्यात एकूण विश्रांत्या मोजा, शेजारी ७ ने मॉड, आणि शून्य ते सहा बाकीला सात नावं जोडा. शीट शेअर केली की सगळ्यांच्या मोबाईलवर तेच आकाश. आम्ही शेवटी कागदी चाकच ठेवलं, पेपर क्लिप सरकवण्यावरून मारामारी होते म्हणून.

शिफ्टवाला मित्र चाकाच्या पहिल्या शनिवारी आला. ग्रुप पाण्यात अर्ध्या बुडालेल्या एका मनोऱ्यात होता, वरच्या मजल्यावर सहा पहारेकरी. पेपर क्लिप आरशावर. त्याला त्याचा लाडका फायरबॉल टाकायचा होता, म्हणजे दिवटी हवी, दोन घरं दूर. दोन विश्रांत्या, ३१ टक्के. क्लेरिक म्हणाली थांबू नका, फायटर म्हणाला त्याच्यासाठी थांबू, वीस मिनिटं नुसता वाद. शेवटी थांबले. पहिली विश्रांती शांत गेली, क्लिप नांगरावर. दुसऱ्या वेळी डी६ वर एक पडला आणि पहारेकरीच खाली उतरले.

त्याने पात्राचा कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "स्लो कोणत्या प्रकारात येतो?" गती पालटणारा, म्हणजे नांगर. हा मंत्र त्याने सहा महिन्यांपूर्वी घेतला होता आणि एकदाही वापरला नव्हता. सहाच्या सहा जणांवर टाकला. पाच जण अडकले, त्यांचा सरदार वाचला, आणि मग याने टेबलावर हात आपटून मला सांगितलं, "परत टाक." दुसऱ्यांदा माझा चार पडला.

पुढच्या शनिवारी त्याने शिफ्ट बदलून घेतली होती. वेफर्स क्लेरिकने आणले.